एका गाडीचें स्टिअरिंग दुसऱ्या गाडीला



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहींजणांना नवल वाटलें असेल. ज्या माणसानें सारी उमर मुलांना अपूर्णांक आणि भूमितीचे सिद्धांत शिकविण्यांत घालविली, त्यानें मोटारीच्या स्टिअरिंगवर बोलावें हें काय प्रकरण आहे? प्रकरण असें कीं, आपल्या हाताखालून गेलेलीं मुलें पुढें काय होतील याचा मास्तराला नेम सांगतां येत नाहीं. माझा एक विद्यार्थी मोटारींचें गॅरेज चालवितो. निवृत्त झाल्यापासून माझ्या सकाळच्या फेरीचा शेवटचा मुक्काम त्याच्या गॅरेजांतल्या बाकावर असतो. तेथें बसून जें पाहिलें, जें खोदून खोदून विचारलें आणि मागाहून पुस्तकांतून पडताळून घेतलें, तेवढेंच आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

त्या बाकावर एक प्रश्न वारंवार कानीं येतो : "या गाडीला त्या गाडीचें स्टिअरिंग बसेल का?" विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. कोणा तरुणानें गाडीचा सर्वांत स्वस्त प्रकार घेतलेला असतो, आणि मित्राच्या गाडींत स्टिअरिंगवरच गाण्यांचीं व टेलिफोनचीं बटणें पाहून त्याला आपलें स्टिअरिंग ओकेंबोकें वाटूं लागतें. कोणाच्या स्टिअरिंगचें आवरण उन्हानें सोलून निघालेलें असतें. एक वयस्क गृहस्थ तर सांधेदुखीनें बोटें आंखडलेलीं घेऊन आले होते. त्यांना पकडायला जाड कडें हवें होतें. यांतल्या कोणाचीहि हौस किंवा गरज हंसण्यासारखी नाहीं. ज्या वस्तूवर माणसाचे हात तासन् तास असतात ती आपल्या मनासारखी असावी, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु माझा विद्यार्थी प्रत्येकाला जें उत्तर देतो तें मला फार मार्मिक वाटतें. तो म्हणतो, "बसेल का तें विचारूं नका. बसवायचेंच म्हटलें तर मी बैलगाडीचें चाकहि बसवून देईन. चालेल का तें विचारा."

'बसणें' आणि 'चालणें' या दोन क्रियापदांतलें अंतर हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडे जहाजाच्या दिशादर्शक साधनाला सुकाणूं म्हणतात, आणि मोटारीच्या बाबतींतहि तो शब्द वापरावा असें मला पुष्कळदां वाटतें. पण ज्यांच्या हातांत ही वस्तु असते ते सगळे तिला स्टिअरिंगच म्हणतात. तेव्हां मीहि आज तोच शब्द वापरणार आहें. गंमत अशी कीं, मोटार जन्मली तेव्हां हें वाटोळें स्टिअरिंग नव्हतेंच. पहिल्या मोटारी होडीच्या वल्ह्यासारख्या दांडीनें किंवा लहानशा मुठीनें वळवीत असत. 1894 सालीं पॅरिसपासून रूआंपर्यंत मोटारींची जी प्रसिद्ध शर्यत झाली, तींत आल्फ्रेद व्हाशरों नांवाच्या गृहस्थानें आपल्या पानार गाडीला दांडीच्या जागीं चाक लावलें होतें. चारपांच वर्षांत त्या कंपनीनें आपल्या सगळ्या गाड्यांना चाकच देण्यास सुरुवात केली. म्हणजे स्टिअरिंगचा जन्मच मुळीं एक वस्तु काढून तिच्या जागीं दुसरी बसविण्यांतून झाला आहे. अदलाबदलीला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं, हें यावरून आपल्या ध्यानीं येईल.

माझ्या पिढीच्या लोकांचा या बाबतींत एक पक्का समज आहे, आणि तो कोठून आला हेंहि समजण्यासारखें आहे. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रीमियर कंपनीची फियाट तयार होत असे. 1964 सालीं आलेली तिची अकराशें-डी ही जात पुढें पद्मिनी या नांवानें शतक संपेपर्यंत चालली, आणि तिची मूळ घडण त्या साऱ्या काळांत फारशी बदलली नाहीं. उत्तरपाड्याच्या अँबॅसडरचीहि तीच कथा. ती तर 2014 पर्यंत तयार होत होती. रस्त्यावरच्या गाड्या मुख्यतः दोनतीन जातींच्या, आणि त्या जातींचें रूप पिढ्यान् पिढ्या तेंच. अशा काळांत जुन्या बाजारांतून एका फियाटचें स्टिअरिंग आणून दुसऱ्या फियाटला लावणें हें कंदिलाची काच बदलण्याइतकें सोपें होतें. मधोमध एक नट, हॉर्नची एक तार, आणि काम झालें. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं अशीं किती स्टिअरिंगें बदललीं असतील याची गणना नाहीं. तीं पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. पण 'स्टिअरिंग काय, कोणाचेंहि कोणाला लागतें' हा समज मात्र अद्याप गेलेला नाहीं.

आतां तें बसतें कसें, हें पाहूं. स्टिअरिंगच्या खालीं एक लोखंडी दांडा असतो. त्याच्या वरच्या टोंकावर सभोंवार बारीक उभे दांते पाडलेले असतात आणि स्टिअरिंगच्या मधल्या भोंकांत त्यांना जुळणाऱ्या खांचा असतात. दांते खांचांत शिरले कीं, वरून नट किंवा बोल्ट आंवळतात. सगळा भार त्या दांत्यांवर. आणि येथेंच पहिली मेख आहे. निरनिराळ्या गाड्यांत दांड्याची जाडी वेगळी, निमुळतेपणा वेगळा आणि दांत्यांची संख्याहि वेगळी असूं शकते. कधीं कधीं जाडी डोळ्यांना सारखीच दिसते. समजा, दांड्याला 36 दांते आहेत आणि स्टिअरिंगला 40 खांचा. आमच्या वर्गांत मसावि काढावयास शिकवीत असत, त्याचा उपयोग येथें होतो. 36 आणि 40 यांचा मसावि 4. म्हणजे साऱ्या वर्तुळांत दांता आणि खांच यांची नेमकी भेट फक्त चार ठिकाणीं होईल. बाकीच्या 32 दांत्यांना खांचेच्या कडेवर कमीअधिक चढावें लागेल. हातोड्यानें ठोकलें तर धातु दबतो आणि स्टिअरिंग 'बसतें'. हातानें हलवून पाहिलें तर घट्टहि लागतें. पण तें दांत्यांनीं धरलेलें नसतें, चिरडलेल्या धातूनें धरलेलें असतें; आणि चिरडलेला धातु किती वळणांनंतर दगा देईल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं.

दांत्यांची संख्या जुळली तरी एक दांता इकडचा तिकडे होतां कामा नये. वर्तुळाचे 360 अंश 36 दांत्यांत वांटले तर एका दांत्याला 10 अंश येतात. गाडी सरळ चाललेली असतांना स्टिअरिंग 10 अंश तिरपें दिसेल, एवढेंच त्याचें बाह्य लक्षण. जुन्या गाडींत तें नुसतें कुरूप दिसे. आजच्या पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग किती वळलें हें मोजणारें एक यंत्र असतें आणि त्यावरून गाडीचा गणकयंत्र-मेंदू घसरणाऱ्या गाडीचा ब्रेक कोणत्या चाकाला लावायचा तें ठरवितो. या यंत्राचें शून्य चुकलें तर ऐन घसरणीच्या क्षणीं त्या मेंदूला चालकाचा हेतु वेगळाच कळण्याचा संभव आहे. म्हणून काम झाल्यावर तें शून्य कंपनीच्या पद्धतीनें पुन्हां ठरवून घ्यावें लागतें.

नटासंबंधीं एक हकीकत सांगण्यासारखी आहे. 2018 च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें आपल्या सुमारें 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. कारण काय, तर स्टिअरिंगचा मधला बोल्ट कालांतरानें सैल होऊन स्टिअरिंग चालकाच्या हातांत येण्याची भीति होती. उपाय म्हणून कंपनीनें अधिक लांब व आट्यांत अधिक पकड घेणारा बोल्ट दिला. ज्यांनीं ती गाडी आंखली, त्यांच्याच बोल्टाची ही अवस्था. मग दोन वेगळ्या गाड्यांचे भाग जुळवितांना 'जोर लावून आंवळला आहे, कांहीं होत नाहीं' हें आश्वासन किती मोलाचें मानावें? प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांत हा नट किती बळानें आंवळावा याचा आंकडा दिलेला असतो, आणि तेवढेंच बळ लावणारा मापाचा पानाहि मिळतो. माझा विद्यार्थी तो पाना वेगळ्या पेटींत, फडक्यांत गुंडाळून ठेवतो.

कांहीं हौशी लोक दुसऱ्या गाडीचें स्टिअरिंग न आणतां शर्यतीच्या धर्तीचें सुटें स्टिअरिंग आणतात व मध्यें एक जोड बसवितात. त्यांतहि मापें आहेतच. मोमो या इटालियन कंपनीच्या स्टिअरिंगचीं सहा भोंकें 70 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, नार्डीचीं 74 वर. चार मिलिमीटरांचा हा फरक कानशीनें घासून 'जमविणारे' महाभाग आहेत, असें ऐकतों.

आणखी एक गोष्ट हौशी मंडळींच्या लक्षांत येत नाहीं. स्टिअरिंग ही एक तरफ आहे. व्यास कमी झाला कीं, तेंच वळण घेण्यास बळ जास्त लागतें. 38 सेंटिमीटरांच्या जागीं 34 सेंटिमीटरांचें लावलें, तर पूर्वीं जेथें 10 किलो जोर लागत होता तेथें सुमारें सव्वाअकरा किलो लागेल. यंत्राच्या साहाय्यानें वळणाऱ्या गाडींत हें जाणवणार नाहीं. पण तशी सोय नसलेल्या जुन्या गाडींत, अरुंद बोळांत गाडी उभी करतांना, खांदे त्याची साक्ष देतील. शिवाय लहान कड्याआड वेगाचा कांटा झांकला जातो तो निराळाच. वळणाचा दिवा आपोआप बंद करणारी खुंटी जर नव्या स्टिअरिंगला नसेल, तर तो दिवा लुकलुकतच राहतो आणि मागच्या माणसाला वाटतें, ही मंडळी आतां वळणार, मग वळणार.

हें सारें झालें लोखंडाचें. खरा प्रश्न पुढेंच आहे.

आजच्या स्टिअरिंगच्या मध्यभागीं एक कापडी पिशवी घडी करून ठेवलेली असते. तिला एअरबॅग म्हणतात. समोरून जबर टक्कर झाली कीं, एका लहानशा दारूच्या स्फोटानें वायु तयार होतो आणि एका सेकंदाच्या सुमारें तीनशतांशांत ती पिशवी फुगून चालकाचें डोकें व छाती यांच्या आड येते. माणसाची पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ तरी लागतो. आपल्या देशांत 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकापुढें ही पिशवी असणें सक्तीचें झालें. ही पिशवी एकटी काम करीत नाहीं. गाडीचें नाक किती चेपतें, पट्टा किती ताणला जातो, स्टिअरिंगचा दांडा स्वतः किती आंत दबतो, या सगळ्यांचा मेळ घालून त्या त्या गाडीसाठीं तिचा आकार व तिची वेळ ठरविलेली असते. दांडा दबतो म्हणजे काय, असें कोणी विचारील. 1967 पासून अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांनीं असा दांडा द्यावयास सुरुवात केली. टकरींत तो भाल्यासारखा छातींत न शिरतां दुर्बिणीसारखा आपल्याच पोटांत शिरतो. पुष्कळ गाड्यांत त्यासाठीं आंत ठिसूळ खिळ्या असतात. आणि घट्ट बसलेलें स्टिअरिंग काढतांना जो मेकॅनिक दांड्याच्या टोंकावर हातोडा घालतो, तो नकळत त्या खिळ्या तोडून ठेवतो. त्यासाठीं पुलर नांवाचें ओढून काढण्याचें साधन आहे, तेंच वापरावें.

आतां विचार करा. दुसऱ्या गाडीचें स्टिअरिंग आणलें म्हणजे दुसऱ्या गाडीची पिशवी आली. कांहीं पिशव्यांना स्फोटाची एकच ठिणगी असते, कांहींना दोन. एक सौम्य टकरीसाठीं, दुसरी जबर टकरीसाठीं. प्लग वेगळे, हुकूम देणारा मेंदू वेगळा. शिवाय स्टिअरिंग फिरत असतें आणि वायर मात्र तुटतां कामा नये, म्हणून मध्यें तारांची चपटी पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. घड्याळाच्या कमानीसारखी ती दिसते म्हणून तिला क्लॉक-स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग दोन्हीं बाजूंना जितके फेरे फिरतें, साधारण तेवढेच फेरे ती सोसते. मध्य चुकवून बसविली तर एका बाजूच्या पुऱ्या वळणांत ती तटकन् तुटते. बटणांची गंमत तर विचारूंच नका. बऱ्याच गाड्यांत सगळीं बटणें एकाच तारेवर बोलतात. प्रत्येक बटणाचा विद्युत्-रोध वेगळा, आणि त्या रोधावरून रेडिओ ओळखतो कीं कोणतें बटण दाबलें. परक्या गाडीचीं बटणें परकी भाषा बोलतात. एका गृहस्थांनीं हौसेनें असें स्टिअरिंग लावून घेतलें. ते आवाज वाढवावयास जात आणि गाणें बदले.

येथवर ठीक आहे; गाणें बदललें म्हणून कोणी मरत नाहीं. पण याच बाकावर बसून मीं जी एक गोष्ट पाहिली ती मला विसरतां येत नाहीं.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलीनें सहासात वर्षें वापरलेली एक गाडी जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडून घेतली. मुलगी बँकेंत नोकरी करते, सकाळीं मुलाला शाळेंत सोडून पुढें जाते. गाडी उत्तम चाले. फक्त दोन बारीक तक्रारी होत्या : स्टिअरिंग किंचित् डावीकडे तिरपें दिसे, आणि हॉर्न एकाच कोपऱ्यांत दाबला तर वाजे. मी तिला माझ्या विद्यार्थ्याकडे घेऊन गेलों. त्यानें प्रथम बॅटरीची तार सोडविली आणि पुस्तकांत सांगितला होता तितका वेळ तो स्वस्थ बसून राहिला. कारण तार सोडली तरी आंत थोडी वीज सांठलेली असते. मग त्यानें मधलें झांकण काढलें. आंत पिशवी नव्हती. स्टिअरिंग त्याच कंपनीच्या, पण दुसऱ्या जातीच्या जुन्या गाडीचें होतें. त्याचें झांकण पोकळ होतें, आणि पिशवीच्या प्लगांत काळ्या चिकटपट्टीनें गुंडाळलेला, बोटाच्या नखाएवढा एक रेझिस्टर जोडलेला होता.

याचा अर्थ श्रोत्यांना उलगडून सांगितला पाहिजे. गाडी चालू करतांच डॅशबोर्डावर एअरबॅगचा लहान दिवा लागतो व कांहीं सेकंदांत विझतो. तेवढ्या अवधींत मेंदू त्या ठिणगीच्या तारेंतून अगदीं अल्प वीज सोडून पाहतो कीं, तार शाबूत आहे ना. त्या तारेचा रोध साधारण दोन ओहम असतो. पिशवी काढली तर दिवा लागलेला राहतो. तो सांगत असतो कीं येथें कांहीं उणें आहे. पण पिशवीच्या जागीं दोन ओहमांचा, चार पैशांचा रेझिस्टर जोडला कीं, मेंदूची समजूत पटते. दिवा रोज सकाळीं शहाण्यासारखा लागतो आणि शहाण्यासारखा विझतो.

ती मुलगी कांहीं वेळ त्या रेझिस्टरकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे काका, आठ महिने हा दिवा माझ्याशीं खोटें बोलत होता?" माझा विद्यार्थी म्हणाला, "ताई, दिवा खोटें बोलत नव्हता. त्यालाच खोटें सांगितलेलें होतें."

दलालानें अर्थातच हात वर केले. तो म्हणाला, मीं गाडी घेतली तेव्हां ती अशीच होती. मूळ मालकाचा पत्ता लागला नाहीं. त्याला कदाचित् त्या स्टिअरिंगचें रूप आवडलें असेल. आपली गाडी आहे, आपला जीव आहे, असें म्हणून त्यानें पिशवी सोडलीहि असेल. तेवढ्यापुरतें मी त्याला मूर्ख म्हणेन. पण दिवा मुका करून गाडी दुसऱ्याच्या हवालीं करणें हें माझ्या मतें मूर्खपणांत बसत नाहीं. ती फसवणूक आहे, आणि ज्या कारागिरानें तो रेझिस्टर जोडला तो तींत भागीदार आहे. त्याला त्याचें काम येत होतें, हीच त्यांतली वाईट गोष्ट. नवें स्टिअरिंग, नवी पिशवी, नवी क्लॉक-स्प्रिंग या सगळ्यांना त्या मुलीचा एका महिन्याचा पगार पुरला नाहीं.

कोणी म्हणेल, मग पिशवीसकट जुनें स्टिअरिंग आणावें. भंगाराच्या बाजारांत अशीं पुष्कळ मिळतात. त्यांतहि एक धोका आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं. जपानच्या ताकाता कंपनीच्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेट वापरलेलें होतें. वर्षानुवर्षें उष्ण व दमट हवेंत राहिल्यानें तें बिघडे, आणि टकरींत पिशवीबरोबर धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगांत शिरत. एकट्या अमेरिकेंत सुमारें पावणेसात कोटी पिशव्या परत बोलवाव्या लागल्या; 2017 सालीं ती कंपनीच दिवाळखोरींत गेली. भारतांतहि होंडा कंपनीनें याच कारणासाठीं आपल्या अनेक गाड्या बोलावून डब्या फुकट बदलून दिल्या. आतां लक्षांत घ्या, हें बोलावणें गाडीच्या चॅसी नंबरावरून मालकाकडे जातें. स्टिअरिंग त्या गाडींतून निघून दुसरीकडे गेलें कीं, बोलावणें जुन्या पत्त्यावर पडून राहतें आणि सदोष डबी भलत्याच माणसाच्या छातीसमोर. नवी पण स्वस्त नक्कल घ्यावी म्हटलें, तर 2024 सालीं अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्यानें जाहीर इशारा दिला कीं, अशा नकली डब्यांमुळें नऊ महिन्यांत तिघे दगावले आणि दोघांच्या देहाला जन्माची इजा झाली.

याचा अर्थ अदलाबदल कधींच करूं नये असा नाहीं. एकाच घडणीच्या दोन गाड्या असतात. मारुतीची बलेनो आणि 2019 सालीं आलेली टोयोटाची ग्लान्झा या मुळांत एकच. स्टिअरिंगच्या मधली मुद्रा तेवढी वेगळी. एकाच पिढीच्या स्विफ्ट आणि डिझायर यांचेंहि गोत्र एक. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकाराला महाग प्रकाराचें स्टिअरिंग पुष्कळदां उत्तम लागतें. पण तेथेंसुद्धां स्वस्त प्रकाराच्या क्लॉक-स्प्रिंगमध्यें बटणांच्या तारा घातलेल्याच नसतील, तर बटणें नुसतीं शोभेचीं राहतात. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जातां भागावर छापलेला क्रमांक कंपनीच्या यादीशीं ताडून पाहावा : स्टिअरिंगचा, पिशवीचा आणि क्लॉक-स्प्रिंगचा, तिन्हींचा.

आणि काम चाललें असतां मालकानें शेजारीं उभें राहावें. पुढचीं चाकें सरळ करून घेतलीं का, बॅटरी सोडून थांबला का, काढलेली पिशवी झांकण वर करून ठेवली का, हें कोणालाहि पाहतां येतें. पिशवी पालथी ठेवली आणि चुकून उडाली तर ती छताकडे झेप घेते. तिच्या तारांना मीटर लावून 'चालू आहे का' पाहणाऱ्या माणसाला तेथेंच थांबवावें. त्या मीटरची वीजहि ठिणगीला पुरेशी होण्याचा धोका असतो. स्टिअरिंग ओढतांना नट पुरा न काढतां दोनचार आटे ठेवला, तर तें एकदम सुटून तोंडावर येत नाहीं. शेवटीं दोन्हीं बाजूंना पुरें फिरवून, हॉर्न वाजवून, वळणाचा दिवा परत येतो का तें बघून, मग सरळ रस्त्यावर एक फेरी.

जुनी गाडी घेणाऱ्यानें एवढें करावें : स्टिअरिंगवरील नक्षी त्याच सालच्या त्याच प्रकाराच्या दुसऱ्या गाडीशीं ताडून पाहावी आणि वेगळी दिसली तर झांकण उघडवून बघितल्यावांचून पैसे देऊं नयेत. झांकण उघडणें हें अर्ध्या तासाचें काम आहे.

आतां त्या सांधेदुखीच्या गृहस्थांविषयीं सांगावयाचें राहिलें. त्यांना माझ्या विद्यार्थ्यानें दुसरें स्टिअरिंग दिलें नाहीं. त्यांच्याच स्टिअरिंगच्या कड्यावर, मधल्या झांकणाला हात न लावतां, पातळ रबराचा एक थर देऊन त्यावर कातडें शिवून घेतलें. बाजारांत मिळणारें सैल आवरण त्यानें मुद्दाम टाळलें, कारण तें वळणावर हातांतल्या हातांत फिरतें. सीटचीं कव्हरें शिवणाऱ्या एका कारागिरानें दाभणानें टांका घालून तें काम एका दुपारींत पुरें केलें. कडें बोटभर नाहीं, पण जोंधळ्याच्या दाण्याएवढें जाड झालें, आणि ते गृहस्थ म्हणाले कीं तेवढें पुरे आहे. परवां ते तेल बदलावयास आले होते.